सात सक चव्वेचाळीस

अण्णा,

तुमचं पित्त माझ्या नावावर चढलंय. तांब्याचा हंडा धाकट्याकडे गेला, रेडिओ कुणी नेला ते अजून कुणी कबूल करत नाही, पण हे मात्र न मागता, न भांडता थेट माझ्याकडे आलं. पित्त म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आई दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, 'गुरुजींना पित्त झालंय,' ते. आठवडेच्या आठवडे भिंतीकडे तोंड करून पडायचं, दाढी करायची नाही, भाकरीचा घास तोंडात घेऊन चावायचं विसरायचं, असलं पित्त कुठल्या वैद्यानं पाहिलं नसेल. पण गावानं ते मान्य केलं होतं. गुरुजींचं डोकं फिरलेलं गावाला चाललं नसतं, पित्त चालत होतं.

सध्या माझा तिसरा आठवडा चालू आहे. ज्या साप्ताहिकात मी जगाची टिंगल करते, तिथं लेख गेलेला नाही. संपादकांना पित्त झाल्याचं कळवलं, तर त्यांनी आल्या-लिंबाचा रस घ्यायला सांगितला. म्हणजे खोटं बोलण्यातसुद्धा मी आईच्याच वळणावर गेले. याआधी दोनदा गोळ्या घेतल्या. एकदा त्यांनीच मला वर काढलं, हे नाकारणार नाही, भले मी गोळ्यांवर टवाळीचा एक अख्खा लेख लिहिलेला असो. पुढं त्या अंगाला सोसेनात, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बेताबेतानं बंद केल्या आणि बजावलं, की गोळीशिवाय राहायचं तर एकटीनं राहायचं नाही. पुन्हा खाली जायला लागलीस की लगेच कुणाला तरी सांगायचं, आणि तरी नाही जमलं तर माझ्याकडे यायचं, तेव्हा गोळीला नाक मुरडायचं नाही. बाकी सगळं मी करते. उठून अंघोळ करते, नदीपर्यंत चालत जाते, दुपारी आडवी होत नाही, भूक नसली तरी ताट वाढून घेते. सांगणं तेवढं राहतं. दुसऱ्याला टोचायला जीभ तयार असते, पण स्वतःबद्दल एक वाक्य बोलायचं म्हटलं की ती टाळ्याला चिकटते. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही कुणाला सांगणार नाही याची खात्री आहे.

गुंजवण्याच्या खोऱ्यातल्या त्या एकशिक्षकी शाळेची किल्ली आपल्या घरात खिळ्याला असायची. भात झोडून झालं, खाचरं मोकळी पडली, राजगडावरचं धुकं उन्हं वर आली तरी हलेना, की तुमचं सुरू व्हायचं. मुलं शाळेपाशी यायची, कुलूप बघायची आणि आपल्या पडवीत येऊन बसायची. आई त्यांना घालवून देत नसे. घरी पाठवली असती तर बापांनी गुरांमागं धाडली असती, आणि शाळा बंद असल्याची बातमी गुरांच्या आधी वेल्ह्याला पोचली असती. तुमची नोकरी गेली असती तर आपण कुठं जाणार होतो? मग वरच्या वाडीतला तो थोराड पोरगा, चौथीत असून सातवीतला दिसणारा, सगळ्यांना पाढे म्हणायला लावायचा. मी त्यांच्यातच बसलेली आहे. आत तुम्ही, मध्ये कुडाची भिंत. सातचा पाढा चाललाय. पोरगा बैलासारखा ओरडतो, "सात सक चव्वेचाळीस," आणि त्याच्यामागं सगळी पडवी, "सात सक चव्वेचाळीस." ज्या तोंडानं कित्येक दिवस पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, त्या तोंडातून आतून येतं, "बेचाळीस." आई चुलीपुढं फुंकणी हातात धरून तशीच थांबली. थोड्या वेळानं तुम्ही भिंत धरत दारात आलात आणि पुढचा पाढा घेतलात. त्या दिवशी तुम्ही अंघोळ केलीत.

तेव्हा तो थोराड खरंच चुकला होता. मठ्ठच होता, त्यात डाव नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र मुद्दाम. कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. पण त्यानंतर वर्षानुवर्षं शाळेला कुलूप राहिलं की पडवीत सातचा पाढा सुरू व्हायचा आणि सहाव्या पायरीला सगळे एकदम घसरायचे. नवी मुलं आली की जुनी त्यांना आधी बरोबर पाढा शिकवायची आणि मग चुकीचा. दर वेळी तुम्ही उठायचात असं नाही. कधी नुसता आवाज यायचा, कधी तोही नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. अख्ख्या तालुक्यात इतक्या चिकाटीनं चुकणारी शाळा दुसरी नसेल.

वेल्ह्याहून शाळा तपासायला साहेब आले, तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं, आणि सध्याच्या दिवसांत हसू येणं ही बारीक गोष्ट नाही. साहेबांनी पडवीपाशी स्कूटर लावली आणि मास्तर कुठायत विचारलं. आईनं पित्त सांगितलं. साहेब म्हणाले, मागच्या खेपेलाही पित्तच होतं. थोराडचा बाप गवताचा भारा घेऊन चालला होता, तो थांबला आणि गंभीरपणे म्हणाला, "साहेब, हितलं पानीच पित्ताचं हाय. तुमी पिऊ नका." साहेबांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि मुलांकडे वळले. म्हणा सातचा पाढा. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मी देवाचा धावा करतेय, की आज तरी बरोबर म्हणा रे. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. साहेब आलेत म्हणजे गुरुजी आजच उठले पाहिजेत. ते नेहमीपेक्षा दुप्पट मोठ्यांदा चुकले. साहेब लाल झाले. कुणी शिकवलं हे? थोराड उभा राहिला आणि आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "गुरुजींनी शिकिवलं."

साहेबांनी पेन काढलं, आणि दारात तुम्ही. बनियन, वाढलेली दाढी, खांद्यावर घोंगडी. "बेचाळीस," म्हणालात. "आणि साहेबांना बसायला द्या." मग मुलांनी तो पाढा न चुकता म्हटला, आणि कुणी न सांगता तिसापर्यंतचे सगळे म्हटले. थांबेचनात. साहेबांनी शेरा लिहिला, पाठांतराकडे लक्ष द्यावे. ते गेल्यावर तुम्ही पुन्हा आत जाऊन पडलात, हे मात्र मी कधी कुणाला सांगताना सांगत नाही.

मधे पुण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. गोळ्यांनी तुम्ही उठायचात, पण फळ्यासमोर उभ्याउभ्या पेंगायचात, आणि खडूची रेघ अक्षरावरून घसरत खाली जायची. मुलं हसली नाहीत, म्हणून तुम्हाला जास्त लागलं. न विचारता गोळ्या बंद केल्यात, आणि तो हिवाळा सगळ्यात वाईट गेला. आईनं विळी, दोर, विहिरीचा रहाट सगळ्यांवर नजर ठेवली. मी तेव्हा काही समजत नव्हते आणि सगळं समजत होते.

मी कॉलेजात असताना तुम्ही मला नसरापूरच्या फाट्यावर सोडायला आला होता. एसटीला वेळ होता. मी धीर करून विचारलं, की मुलं मुद्दाम चुकायची हे तुम्हाला ठाऊक होतं का. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मीच पाढा चुकले. "सगळी पोरं एकाच जागी कशी चुकतील गं? तीही सातातच. आठाला सगळी हुशार." मग का उठायचात, म्हटलं. "त्यांना वाटायला नको, की गुरुजींना आता तेवढंही कळेना." एसटी आली. मी खिडकीतून हात केला, तुम्ही तोवर पाठ फिरवली होती.

तुम्ही निवृत्त झालात, धरणाचं पाणी चढलं, गाव उठलं, मुलं पांगली. भोरला बेकरीवाल्या चाचांच्या वरच्या खोलीत तुम्ही दोघं राहायला आलात. खालून पावाचा वास यायचा, आणि तुम्हाला उठवायला कुणी यायचं नाही. त्या वर्षी तुम्ही जे पडलात ते पडलातच. आईनं नसरापूरला निरोप धाडला. थोराड तिथं टेम्पो चालवत होता, मिशा राखल्या होत्या, दोन पोरांचा बाप होता. तो वाटेत आणखी दोघांना गोळा करून आला. मी पुण्याहून पोचले तेव्हा तिघं बाप्ये जिन्यात उभे होते, भट्टीवरची माणसं काम टाकून वर बघत होती, आणि सातचा पाढा चालला होता. पुरुषांच्या आवाजात तो फार विचित्र वाटतो. सात सक चव्वेचाळीस. आतून काही नाही. पुन्हा. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तुमचा आवाज आला, अगदी शांत. "चालंल."

थोराड पायरीवर बसला आणि त्यानं टॉवेलात तोंड घातलं. मग उठला, तुम्हाला पोत्यासारखं नाही, लेकरासारखं उचललं, टेम्पोत पुढं बसवलं आणि सगळे मिळून पुण्याच्या दवाखान्यात गेलो. तिथून तुम्ही बरे होऊन आलात, म्हणजे जेवण्याइतके, चाचांशी क्रिकेटवर वाद घालण्याइतके. वर्षभरानं हृदयानं नेलं. साधा सरळ आजार, लोकांना सांगायला सोपा. आईला पित्त म्हणावं लागलं नाही.

लोक मला विचारतात, इतकी जहरी जीभ कुठून आणलीस. मी सकाळी पेपर उघडते, कुणीतरी कुठंतरी धडधडीत चुकीचं बोललेलं असतं, आणि मला राग येतो. त्या रागावर मी उठते, अंघोळ करते, लिहायला बसते. माझी गेली पंधरा-सोळा वर्षं अशी निघाली. वाचकांना वाटतं मी समाज सुधारतेय. पण काल एका पुढाऱ्याचं भाषण वाचलं. धरणग्रस्तांचं सगळं पुनर्वसन झालं, सगळे सुखी आहेत, असं म्हणत होता. असं भाषण मला एरवी महिनाभर पुरलं असतं. वाचून पेपर घडी केला आणि मनात आलं, चालंल.

मग मी घाबरले, अण्णा.

आज सकाळी थोराडला फोन केला. त्याच्याशी वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी बोलणं होतं. बोलायला काही सुचेना, म्हणून त्याच्या पोरांची चौकशी केली, भाताची केली, डिझेलच्या भावाची केली. डिझेलवर तो नेहमी घसरतो, आज घसरला नाही. मधेच थांबून म्हणाला, "ताई, बरी हाईस नव्हं?"

हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं, आणि माझ्याजवळ त्याची दहा चुरचुरीत उत्तरं तयार असतात. कुणाला खरं उत्तर कधी दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनाही कागदावर खुणा करून सांगितलं होतं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. पाण्याखालच्या गावाला टपाल जात नाही, आणि भोरच्या खोलीत आता चाचांचा नातू अभ्यास करतो. तुम्हाला एवढंच कळवायचं होतं, आणि तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाला कळवायची लाज वाटते, की आज थोराडला म्या 'न्हाई' म्हनलं.