डावा टाका

जत,
१४ डिसेंबर २०२४

इंद्रजित गड्या,

रामराम. आमी सगळी बरी हाय. थंडीनं आईचं गुडघं तेवढं धरल्यात. आबांनी मेंढरं कमी केली, आता चाळीसच राहिल्यात. तुझ्या दुकानांच्या फोटोत तू वाळलेला दिसतोस, असं आई म्हणती. फोन केला तर हापिसातला माणूस उचलतो, "सर मीटिंगमध्ये आहेत" म्हणतो. म्हणून कागद घेतला.

गेल्या बुधवारी तुझ्या कंपनीचा माणूस माझ्या शिलाईच्या दुकानात आलता. रविराज नाव. सभ्य वाटला, चहा घेतला. मग हँगरवरची दोन जॅकेटं काढून म्हणला, "ही 'मेंढका'ची कॉपी तुम्ही शिवता?"

"व्हय," मी म्हणलं.

त्यानं पिशवीतलं जॅकेट उलटं करून कॉलरच्या आतला तिरका टाका दाखवला. "हा आमच्या ब्रँडचा टाका. डावीकडं झुकतो. त्यासाठी खास मशीन बसवलंय. तुमचा हातानं घातलेला आहे, म्हणजे डुप्लिकेट."

मी डावखुरा, म्हणून तो टाका तसा पडतो, हे त्याला कुणी सांगितलेलं न्हवतं. मीबी न्हाई सांगितलं. त्याच्यासमोर तुझी मान खाली गेली असती. इथून पुढं 'मेंढका' नावानं काही शिवणार न्हाई, अशा कागदावर सही करून दिली.

रागानं लिहीत न्हाई रं. पयलं जॅकेट आबांच्या जुन्या घोंगड्याचं. तू ते घालून सांगलीच्या कॉलेजात गेलास. पयल्या दिवशी "मेंढका आला" म्हणून हसली सगळी, आणि महिन्याभरात सतरा जणांनी तसलंच मागितलं. तेच नाव लावायचं म्हणून तू हट्ट धरलास. तू खडूनं आखायचास, मी शिवायचो, आणि खिशावरनं दोघं भांडायचो.

खरं सांगू? ती जॅकेटं मी विकायला शिवतच न्हवतो. तीन वर्षांत पाच गेली असतील. बाकीची उसवून परत शिवायचो. शिवताना वाटायचं, तू समोर बसलायस, आता म्हणशील, "जोत्या, खिसा खाली घे." आता सही केलीय, तर तेबी गेलं.

पुण्याला निघालास तवा यष्टीत चढता चढता तू म्हणलास, "येतोस का?" मी म्हणलं, "बघू." आबा आजारी हुते असं मी सगळ्यांना सांगतो, पण कारण ते न्हवतं. मला वाटलं, तू अजून एकदा इचारशील. तू आत जाऊन जागा धरलीस आणि यष्टी सुटली.

गड्या, अजून एकदा इचार. यायचं जमंल का न्हाई, ते आज सांगता येत न्हाई. पण इचार.

वाट बघणारा,
तुझा जोत्या