वीज गेल्यावरची मूठ

॥ श्री पार्श्वनाथाय नमः ॥

रिसोड, ता. ४ ऑगस्ट १९७५

ती. सौ. राजमतीताईस,
घेवरचंदचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. आईचे गुडघे सोडले तर घरात कुणाची तक्रार नाही. तू विचारलंस, तुझा यंत्रमानव कुठवर आला. तर त्याला अजून डोकं नाही, पाय नाहीत, फक्त उजवा हात झाला आहे. आई म्हणते की आंधी लगन करून घरातले हात वाढव, मंग लोखंडाचे घडव.

हाताची हाडं अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची, शिरांच्या जागी सायकलच्या ब्रेकची तार. बटण दाबलं की जीपच्या वायपरची मोटर तार ओढते आणि बोटं मिटतात, परत दाबलं की उघडतात. परवा त्याने पाण्याचा पितळी गडवा उचलला तेव्हा दुकानापुढे ही गर्दी! रेडिओ दुरुस्तीला आलेला एक बुवा रेडिओ विसरून त्याच्याशी हात मिळवत बसला.

बोटं आधी माझ्या मापाची केली होती. ती मोटरला जड जात, म्हणून छाटली. छाटता छाटता अकरा वर्षांच्या पोराच्या हाताएवढी झाली. मुद्दाम केलं नाही, ताई. आईने पाहिलं आणि ती आत निघून गेली.

भाऊजींना एक गोष्ट विचार. धरलेलं असताना वीज गेली तर मूठ कशी राहावी? मी ती मिटलेलीच राहील अशी केली आहे. मोटरमधल्या चाकांचे दाते असे आहेत की मोटर बोटांना हलवते, पण बोटं ओढून मोटर हलत नाही. एकदा धरलेलं सुटायचं नाही. त्यांचं मत कळव.

मुलांना आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
घेवर

—

अकोला, ता. १२ ऑगस्ट १९७५

चि. घेवरचंदास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. हे गिरणीतून आल्या आल्या त्यांना वाचून दाखवलं, तर चहा तसाच ठेवून कागदावर आकृती काढायला बसले. सोबत पाठवते. त्यांचं म्हणणं एकच, की वीज गेली की मूठ उघडलीच पाहिजे. तेव्हा तार मोटरपासून सुटी होऊ दे आणि उलटी ओढणारी स्प्रिंग टाक. पकडणाऱ्या यंत्राला आधी सोडायला शिकवावं, असं ते गिरणीत नव्या माणसांना सांगतात.

तुला ती मिटलेलीच का हवी, हे मला कळतं रे. बारा वर्षं झाली. केनवडच्या बाजारातून येताना नाल्याला पूर आला आणि तुझ्या हातून आपल्या धाकट्या रतनचा हात निसटला. एकोणीस वर्षांचा होतास तू, तो अकराचा. पाण्यापुढे कुणाचं चालतं? आपल्या घरात तुला कुणी कधी बोल लावला का?

दुसरं म्हणजे, शेजारच्या केशरबाई इथे लेकीकडे आल्या होत्या. त्या सांगत होत्या की आई दुपारभर त्या यंत्रापाशी बसते, त्याच्या हातात हात देऊन. स्वतःच बटण दाबते म्हणे. हे मला बरं वाटत नाही. स्प्रिंग लवकर बसव.

प्रकृतीला जप, आणि आमची आठवण ठेव.

तुझी,
राजमतीताई

—

रिसोड, ता. २१ सप्टेंबर १९७५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

आज क्षमावाणी. दरवर्षी तुला छापील कार्ड पाठवतो, कळत नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागणारं. यंदा कार्ड पाठवत नाही.

मी स्प्रिंग बसवली नाही. गेल्या बुधवारी मी सामान आणायला वाशीमला गेलो असताना आईने त्याच्या हातात हात दिला, बटण दाबलं, आणि वीज गेली. दोन तास ती तशीच बसून होती. हाक मारली असती तर केशरबाई धावत आल्या असत्या. मारली नाही. मी आलो, पक्कड घेऊन तार तोडायला लागलो, तर म्हणते की राहू दे, कायले तोडतं, रतननं मले धरून ठेवलं, त्याचा हक्क हाय. तिच्या मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ आहेत. 

ताई, रतनचा हात निसटला नव्हता. माझ्या एका हातात बाभळीचं मूळ होतं, दुसऱ्यात रतन. मूळ उपटून येत होतं. मी बोटं उघडली. एकेक करून उघडली. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. एवढी वर्षं तुम्ही मला निर्दोष म्हणत राहिलात आणि मी म्हणू दिलं. याची क्षमा मागतो. आईला सांगायचा धीर होत नाही. सांगू का?

तुझा,
घेवर

—

अकोला, ता. २६ सप्टेंबर १९७५

चि. घेवरचंदास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि यांच्यापासून लपवून रडले. क्षमा मागितलीस, ती दिली. मनापासून दिली. पण आता माझं ऐक.

आई आणि मी आधीच नाला ओलांडून काठावर पोचलो होतो. मी तिला खेटून उभी होते. मूळ उपटून येताना तिने पाहिलं आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली की घेवर, सोड त्याले, तू तरी ये. घरी आल्यावर तिने मला जिनवाणीच्या पोथीची शपथ घातली, की हे कुणाला सांगायचं नाही. तिला वाटतं, तू तिचं ऐकून सोडलंस. दर क्षमावाणीला सगळे उठून गेले तरी ती मंदिरात बसून राहते ना, ती रतनची क्षमा मागत असते.

आज शपथ मोडली. पाप लागायचं ते मला लागो. तू आईला सांग, नक्की सांग. तू आपल्या मनाने सोडलं असशील, तर ते ऐकून तरी तिचं ओझं उतरेल.

तुझीच,
राजमतीताई

—

रिसोड, ता. ५ ऑक्टोबर १९७५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

मी काही ऐकलं नव्हतं. पाण्याचा आवाजच एवढा होता. हे कळल्यावर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. निदान आईला तरी मोकळं करता येईल असं वाटलं. काल ती तांदूळ निवडत होती, तेव्हा शेजारी बसून सगळं सांगितलं. आई, तुझा आवाज माझ्यापर्यंत आलाच नाही, जे केलं ते मी माझ्या मनाने केलं, असं म्हटलं.

तिचा हात थांबला नाही. मग म्हणाली की मायसाठी खोटं बोलून राह्यला, बोल, पण मी कायी आंधळी नव्हती. मी हाक मारली तवा तू मान वळवून माह्याकडे पाह्यलं, अन् मंग बोटं उघडली.

ताई, मला रतनचाच चेहरा आठवतो. आजवर मी समजत आलो की शेवटपर्यंत मी त्याच्याकडेच पाहत होतो. आता डोळे मिटले की कधी तो दिसतो, कधी काठ दिसतो, काठावर तुम्ही दोघी दिसता. हे मी तेव्हा पाहिलं की आईने सांगितल्यावर दिसायला लागलं, मला सांगता येत नाही.

भाऊजींची स्प्रिंग बसवली आहे. वीज गेली की मूठ आपोआप उघडते. आई आता तिकडे फिरकत नाही.

तू तिच्याजवळ उभी होतीस. मी मान वळवली होती का? वळवली नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी पत्र आईला वाचून दाखवीन. वळवली असेल तर उत्तर पाठवू नकोस. पोस्टमन अकराला येतो. मी दुकानाच्या पायरीवरच बसलेला असतो.

उत्तर आलं न आलं, तरी मला अंतर देऊ नकोस.

तुझा,
घेवर