तीन मीटर कमी

दि. ३ फेब्रुवारी

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद. तू फोन करतेस, आम्ही घेतो, पण मोजमापाची गोष्ट फोनवर बोलू नये असं माझं मत आहे. बोललेलं फायलीला लावता येत नाही. म्हणून पत्र.

तुमच्या कंपनीची माणसं गेल्या आठवड्यात आपल्या घरामागच्या माळावर खुंट्या ठोकून गेली. जिथे पवनचक्की उभी राहणार तिथे लाल डोक्याची एक खुंटी. आपल्या वाट्याला सात नंबर आला आहे. नियम मी वाचला. चक्कीच्या मध्यापासून राहत्या घराच्या सर्वांत जवळच्या भिंतीपर्यंत पाचशे मीटर हवेत. कंपनीच्या नकाशावर पाचशे दोन लिहिलंय आणि खाली तुझी सही आहे. सही छान आली आहे. पूर्वी फार वाकडी यायची.

एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढल्यावर माणसाचा दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास बसत नाही, मग तो पोटच्या मुलीचा का असेना. मी तीस मीटरची फीत काढली. दुसरं टोक तुझ्या आईने धरलं. मध्येच टोक सोडून ती शेजारणीशी बोलायला गेली, त्यामुळे पहिली मोजणी रद्द करावी लागली. दुसऱ्या खेपेला सोळा फिती आणि वर सतरा मीटर भरले. म्हणजे चारशे सत्त्याण्णव. तीन मीटर कमी.

कुठे चुकलं ते बघ. एक मार्चला खड्डा खणायला घेणार असं ऐकतो. आईचा गुडघा आहे तिथेच आहे. माया आहेच, तिची मोजणी करत बसू नये.

तुझा,
बाबा

*

दि. ८ फेब्रुवारी

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. पत्र तुम्ही ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंत, त्यामुळे आधी साहेबांनी वाचलं. सही छान आहे हे त्यांनाही पटलं. आता सगळं ऑफिस मला खार म्हणतं. लहानपणी झाडावर चढण्याची ही शिक्षा असेल असं वाटलं नव्हतं.

आकडा मात्र बरोबर आहे. आम्ही यंत्राने मोजतो. तुमची फीत माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, माळ उंचसखल आहे आणि दुसऱ्या टोकाला आई होती. तीन मीटर इकडेतिकडे व्हायचेच. घराची मागची भिंत मी सरकारी नकाशावरून घेतली आहे, तो तुमच्याच खात्याचा आहे. आणखी काय हवं?

उन्हात हिंडू नका. आईला गुडघ्याला पट्टा बांधायला सांगा, आणि रागावणं असेल तर थोडक्यात आटपावं, ही विनंती.

तुमची,
खार

*

दि. १२ फेब्रुवारी

चि. खारीस,

आशीर्वाद. चढउतारावर फीत टाकली तर अंतर वाढून येतं, कमी येत नाही. हे तुला तिसरीत असताना शिकवलं होतं. तेव्हा माळाला दोष देऊ नकोस. आईलाही देऊ नकोस, कारण तिने पत्र वाचलं आहे.

चूक सापडली. तू स्वयंपाकघराच्या भिंतीपासून मोजलंस. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली आहे. पाच मीटर लांब, वर हिरवा पत्रा, माळाकडे खिडकी. तू तिथे बारा वर्षं झोपलीस. पाचशे दोन वजा पाच, किती होतात ते कर.

आता माझी बाजू. ती खोली सरकारी नकाशावर नाही, कारण मी तिची नोंदच केली नाही. लोकांच्या विनानोंद पडव्या मी जन्मभर शोधून काढल्या, आणि स्वतःची खोली उद्या नोंदवू, उद्या नोंदवू म्हणता राहून गेली. सतरा वर्षं झाली. हे कुणाला सांगू नकोस, म्हणजे साहेबांना तरी.

पण कागदावर नसली तरी तुला ती ठाऊक आहे. घर काढताना तू तुझीच खोली वगळलीस, याचं मला वाईट वाटलं. एवढंच लिहायचं होतं. जेवत जा वेळेवर.

तुझा,
बाबा

*

दि. १६ फेब्रुवारी

ती. बाबांस,

नमस्कार. हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे.

मी खोली विसरले नव्हते. आमच्याकडे वरून काढलेले फोटो असतात, त्यात हिरवा पत्रा स्वच्छ दिसतो. मी त्यावर 'कोठार' असं लिहिलं. कोठार आणि गोठा राहत्या घरात धरत नाहीत, असा नियम आहे.

मी खोटं लिहिलेलं नाही. मागच्या खेपेला आले तेव्हा त्या खोलीत तुमच्या नकाशांच्या गुंडाळ्या पत्र्यापर्यंत रचल्या होत्या. माझ्या पलंगावर फायली होत्या. माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत पडलं, पाहुण्यांसारखं. आई म्हणाली, या खेपेपुरतंच. त्याच्या आधीच्या खेपेलाही ती असंच म्हणाली होती. मी काही बोलले नाही, ती माझी चूक. पण नकाशा करताना त्या खोलीपाशी आले आणि मनात म्हटलं, त्यांनी जे केलंय तेच लिहू. राग आला होता, बाबा. राग आला की मी सावकाश लिहिते, म्हणून सही छान आली.

साहेबांना सगळं सांगितलं, तुमची सतरा वर्षंसुद्धा. माफ करा. ते म्हणाले, तपासनीस जाऊन बघेल. खोलीत माणूस राहत असेल तर खुंटी हलेल, नसेल तर आहे तिथेच खड्डा. तो वीस तारखेला येईल. कृपा करून त्याला खोटं सांगू नका आणि त्याच्या हातातली फीत ओढून घेऊ नका.

चूकभूल पोटात घालावी.

तुमची,
खार

*

दि. २० फेब्रुवारी

चि. खारीस,

आशीर्वाद. दोन दिवसांत गुंडाळ्या काढल्या. एकशे त्रेचाळीस निघाल्या. आता त्या जेवणाच्या टेबलाखाली, दाराआड आणि आमच्या पलंगावर आहेत. आईला कपाट उघडता येत नाही. ती कालचीच साडी नेसून आहे आणि सकाळपर्यंत त्याबद्दल दर तासाला बोलत होती.

तपासनीस सकाळी आला. सभ्य माणूस, चहा नको म्हणाला. खोली बघितली, पलंग बघितला. इथे कोण राहतं असं त्याने विचारलं. आई तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो, कुणी नाही. त्याने 'रिकामी' असं लिहून घेतलं. मी राहतो म्हणायला काय झालं होतं, एक उशी ठेवली असती तर काय बिघडलं असतं, असं आईचं म्हणणं. तेव्हापासून तिने अबोला धरला आहे, त्यामुळे गुडघ्याची बातमी नाही.

जाताना तो म्हणाला की अहवाल सव्वीसला जाईल. त्याआधी कुणी खरोखर राहायला आलं आणि तसं लेखी कळवलं, तर त्याला पुन्हा यावं लागेल. हे तो भिंतीकडे बघून म्हणाला.

खारे, आम्ही चुकलो. आईने अडवलं होतं, मीच ऐकलं नाही. तू गेल्यावर त्या खोलीचं दार उघडलं की मला बघवत नव्हतं. म्हणून भरून टाकली. जागा हवी होती असं सगळ्यांना सांगत राहिलो, जागा बाहेर ढीगभर होती.

पलंग झटकून ठेवला आहे. बाकी तू बघ.

तुझा,
बाबा

*

दि. २२ फेब्रुवारी

ती. बाबांस,

नमस्कार. घाईत लिहिते. माळावरचं काम आठ महिने चालेल. तिथे देखरेखीला एक माणूस लागतो, कंपनी त्याला पत्र्याच्या शेडमध्ये खोली देते. ते काम मी मागून घेतलं आणि शेड नको म्हणून लिहून दिलं. राहण्याचा पत्ता: सात नंबरच्या खुंटीपासून चारशे सत्त्याण्णव मीटर. तपासनिसालाही तसंच कळवलं आहे.

साहेब म्हणाले, तीन मीटरसाठी मातीची तपासणी पुन्हा करावी लागेल आणि चूक तुझ्या नावावर लागेल. मी म्हटलं, लावा. त्यांनी लगेच लावली.

पंचवीसला संध्याकाळी पोचते. त्या खोलीतला पंखा बघून ठेवा, तो पवनचक्कीपेक्षा जास्त आवाज करतो. आईला म्हणावं, आता बोल.

तुमची,
खार

*

दि. १४ मार्च

चि. खारीस,

आशीर्वाद. बाहेरच्या खोलीतून मागच्या खोलीत पत्र कशाला, असं तुझी आई म्हणते. अंतर अकरा मीटर आहे. पण सुरुवात कागदावर झाली, तर शेवटही कागदावर व्हावा.

तुझ्या माणसांनी काल खुंटी हलवली. तू कामावर असताना आम्ही दोघांनी मोजून बघितलं. पाचशे भरले. आईने या खेपेला टोक सोडलं नाही. तीन मीटरने चक्कीचा घरघराट कमी होईल का, असं तिने रात्री विचारलं. मी नाही म्हणालो. मग एवढं करून मिळालं काय, असं तिने विचारलं. मी मागच्या दाराशी पडलेल्या तुझ्या मातीने भरलेल्या बुटांकडे बोट दाखवलं. त्यावर तिने एवढंच सांगितलं की ते बूट घरात आणायचे नाहीत.

आज मी खोलीची नोंद करून आलो. कारकून एके काळी माझ्या हाताखाली होता, तो पोट धरून हसला. हसू दिलं. अर्जात 'वापर' म्हणून रकाना असतो, तिथे 'निवास' लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मुलगी राहते.' कारकून म्हणाला, साहेब, आठ महिन्यांनी ती जाईल, मग हे खोडायला तुम्हाला परत यावं लागेल. मी म्हणालो, येणार नाही.

तू जाशील ते मला ठाऊक आहे. जा. गुंडाळ्या मात्र टेबलाखालीच राहतील, जेवताना सगळ्यांनी पाय जपावेत. आता दिवा मालव आणि जेवायला ये.

तुझा,
बाबा

ता. क. पत्र मी आणून दिलं. अकरा मीटर काही नाहीत. जवळ आहे. – आई