विहिरीवर देऊळ होऊ नये म्हणून

पुढील वस्तू मी माझ्या हातांनी केल्या आहेत. राहत्या घराचा दरवाजा, चौकटीसह. चौकटीत एकही लोखंडी खिळा नाही. दोन बैलगाड्या, पैकी एक अजून चालते. गावच्या शाळेचा फळा. माळावरच्या माझ्या शेतातली विहीर, काठापासून तळापर्यंत दगडी बांधकामासह, आणि तिच्यावरचा रहाट. थोरले बंधू शरणप्पा यांच्या अंगणातल्या पाण्याच्या हौदाचे सागवानी झाकण, कुलपाच्या कोयंड्यासह. माझी मुलगी सिंधू हिची समाधी. यातले कोणतेही काम मी कुणापाशी शिकलो नाही. मोडक्या वस्तू सोडवून पाहिल्या आणि केल्या.

हे लिहून ठेवणारा मी, महादेवप्पा गुरलिंगप्पा हालकुडे, वय बावन्न, धंदा सुतारकी, गवंडीकाम व शेती, राहणार मुरुडच्या शिवेलगत, जिल्हा लातूर. जन्मलो तेव्हा राज्य निजामाचे होते आणि जिल्हा उस्मानाबाद. मी जागचा हललो नाही, राज्य आणि जिल्हा हलले. माझे डोके ठिकाणावर आहे, मला आजार नाही, नशापाणी नाही, आणि हे लिहायला कुणी गळ घातलेली नाही. उलट लिहू नये म्हणून घरात दोन वेळा भांडण झाले. लिहिण्याचे कारण एकच. मी डोळे मिटताच माझ्या विहिरीवर देऊळ बांधायचे ठरलेले आहे, आणि तसा शब्द माझ्या मुलाने परस्पर दिलेला आहे.

पहिले. राहते घर पत्नी बसम्मा हिला तहहयात, तिच्यामागे मुलगा मन्मथ यास. दरवाजाला रंग देऊ नये. रंग चुका झाकण्यासाठी असतो.

दुसरे. सुतारकीची व दगडकामाची हत्यारे मन्मथला देत नाही. त्याने रंधा उलटा धरलेला मी पाहिला आहे. ती सगळी व्यंकटी नरसिंग याला द्यावीत. तो माझ्या विहिरीत सुरुंगाचे बार भरायला होता.

तिसरे. शरणप्पा यांस काही नाही. हौदाचे झाकण त्यांच्याकडे आहेच. लाकूड चांगले आहे, त्यांच्यामागेही टिकेल.

चौथे, विहीर. शेत मी स्वतःच्या कमाईतून घेतले, वडिलार्जित नाही, म्हणून कुणाचा वाटा निघत नाही. विहिरीचे सविस्तर लिहावे लागेल. मी गेल्यावर लोक तिची वेगळीच कथा सांगतील, त्याआधी खरी इथे असू द्यावी.

बहात्तरच्या दुष्काळात मी ती खणत होतो. बसम्मा सरकारी कामावर खडी फोडायला जायची, पदरात सुकडी घेऊन यायची. खाली मी आणि व्यंकटी. काळा दगड. पाणाड्याला बोलावले नव्हते. जागा मीच काढली होती आणि त्यावरून गाव हसत होते. देवाचे नाव तेव्हा मी घेत नव्हतो. लिंग गळ्यात होते ते बापाने बांधले म्हणून.

सिंधू सात वर्षांची. नदीत खड्डे करून झिरपलेले पाणी लोक पीत होते, तेच तिने प्यायले. हगवण-उलटी लागली. ज्या सकाळी ती गेली, त्याच सकाळी आम्ही बार उडवला. बार उडाला की धूर निघून जाईपर्यंत विहिरीत कुणी उतरत नाही, वाकूनही बघत नाही. आत गेलेला माणूस गुदमरून मरतो. हा नियम या कामात मीच लावून दिला होता आणि व्यंकटीने एकदा मोडला तेव्हा त्याच्या थोबाडीत मारली होती. धूर निघण्याची वाट पाहत बसलो होतो, तेवढ्यात घरून निरोप आला.

आमच्या लिंगायतांत मेलेल्याला आंघोळ घालतात, बसवतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवून माती देतात. मी शेताच्या कोपऱ्यात खड्डा खणायला लागलो. घरी आंघोळीला पाणी नव्हते. बसम्माने शरणप्पांकडे माणूस धाडला. हौद भरलेला होता. उत्तर आले, "जित्याला पुरंना झालंय, मेल्याला कुठलं देऊ?" आणि कुलूप लागले. झाकण मी असे बसवले होते की कुलूप लावल्यावर सुरीचे पाते आत जात नाही.

मग बौद्धवाड्यातून नागुबाई घागर घेऊन आली. न बोलावता आली. शरणप्पा माझ्या दारात तिला आडवे आले. म्हणाले, "तुमच्या पाण्यानं आमचं लेकरू धुवायचं का गं?"

नागुबाई म्हणाली, "लेकराला आणलंय मालक. तुमाला प्यायला न्हाई."

शरणप्पांनी घागर पायाने कलंडवली. ते पाणी अंगणात कोंबड्या प्यायल्या. बसम्माने रांजणाच्या तळाशी होते तेवढ्यात पदर भिजवला आणि पोरीचे अंग पुसले. तशीच ती खड्ड्यात बसवली. उलटीचा वास तिच्या केसांना तसाच होता.

माती देऊन झाल्यावर हातपाय धुवायचे असतात. आता कशाने धुणार, असे कुणीतरी म्हणाले. व्यंकटी काठावर राहिलेली पहार आणायला गेला. धूर केव्हाच निघून गेला होता. तो आत वाकला आणि ओरडला, "मालक, पाणी! लई पाणी हाय!"

सकाळच्या बाराने झरा फुटला होता. बसम्मा घरी पदर पिळत होती तेव्हा इथे पाणी चढत होते. पोहऱ्याने काढून सगळ्यांनी हातपाय धुतले. शरणप्पांनी चूळसुद्धा भरली आणि म्हणाले, "गोड हाय रे."

त्या संध्याकाळपासून मी देव मानतो.

कारण लिहितो. मी कारागीर आहे, काम पाहून करणारा ओळखतो. जे आपोआप घडते ते ढिसाळ असते. पडलेली भिंत कशीही पडते, दगड कुठेही जातात. इथे एक दगड इकडचा तिकडे नव्हता. बार आधी, निरोप नंतर, मध्ये धूर. कुलपाखालचे झाकण माझे, वाकून न बघण्याचा नियम माझा, विहीर माझी. पोरीच्या अंगाला नव्हते ते पाणी तिला पुरून आलेल्यांच्या पायांना मिळाले. इतके घट्ट सांधकाम मला बावन्न वर्षांत जमलेले नाही. हे कुणीतरी बसून, मोजून, माझीच हत्यारे वापरून केले आहे. करणारा आहे, याबद्दल मला कधीही शंका आलेली नाही. देवळात रोज जाणाऱ्यांना येते, ते मला येऊन विचारतात.

बसम्मा म्हणते, त्याने पोर घेतली आणि पाणी दिले. ती विहिरीवर दिवा लावायची. मी दिव्याचा कोनाडा दगडाने बुजवला. ती चार महिने माझ्याशी बोलली नाही. लिंग मी गळ्यातून काढलेले नाही. ज्याच्याशी भांडण आहे त्याला नजरेआड करू नये.

लातूर जिल्हा झाला, माझ्या शेताला लागून रस्ता रुंद झाला, आणि आप्पासाहेबांची जीप यायला लागली. हे गृहस्थ पूर्वी आडतीवर हमालांना शिव्या द्यायचे, आता देवस्थान समिती काढून बसले आहेत. सोबत माझा मन्मथ, नवी विजार घालून. यंदाही पाऊस नाही आणि माझी विहीर आटत नाही. म्हणून त्यांना विहिरीवर देऊळ पाहिजे, त्याची पाटी रंगवून तयार आहे, आणि माझ्या तोंडून एक गोष्ट पाहिजे, की देवाने स्वप्नात येऊन मला जागा दाखवली.

आप्पासाहेब म्हणाले, "महादेवप्पा, तुम्ही देव मानता का न्हाई?"

"मानतो."

"या विहिरीत त्याचा हात हाय का न्हाई?"

"हाय."

"मग अडलं कुठं?"

"तुमच्या पाटीवर कृपा लिहिलंय."

मन्मथ म्हणाला, "बाबा, एक शब्द तर हाय. बोलून टाका ना."

मी त्याला विचारले, "तुझ्या बहिणीला कशानं आंघोळ घातली होती?" तो तेव्हा दहा वर्षांचा होता, त्याने सगळे पाहिले आहे. तो आप्पासाहेबांकडे पाहून हसला. त्या हसण्यामुळे विहीर त्याला मिळत नाही.

सबब सदर विहीर, सभोवतालच्या वीस गुंठ्यांसह व सिंधूच्या समाधीसह, मी नागुबाईची मुलगी पंचशीला हिला देत आहे. ती सिंधूच्या वयाची. आता नर्स आहे. तिला बोलावून सांगितले तेव्हा तिने आभार मानले नाहीत.

"काका, मला कशाला भांडणात ओढता? अन् मी देव मानत न्हाई. माझ्या घरात तुमचा एकबी देव न्हाई."

मी म्हणालो, "म्हणूनच."

मानणाऱ्याच्या हातात विहीर गेली तर तो आज ना उद्या शेंदूर फासणारच. तिने काठावरून वाकून पाणी पाहिले. मग म्हणाली, "घेते. पण पाणी सगळ्यांला भरू देईन. तुमच्या शरणप्पालाबी."

हे मला पसंत नाही. तरी त्याबद्दल अट घालत नाही. अट एकच: विहिरीवर देऊळ, घुमटी, पादुका, पाटी, यातले काही होऊ नये. तिने हवी तर विहीर बुजवावी.

पाचवे. मी मेल्यावर मला आंघोळ घालू नये. विहीर काठोकाठ भरलेली असली तरी घालू नये. घाम, भुसा, जे अंगावर असेल त्यासह बसवावे. लिंग रिवाजाप्रमाणे डाव्या तळहातावर ठेवावे. उजवा हात मोकळा राहू द्यावा. त्या करणाऱ्याशी समोरासमोर गाठ पडणार आहे आणि सांधा कसा बसवला ते मला विचारायचे आहे. माती देऊन झाल्यावर शरणप्पांनी हातपाय आपल्या हौदावर धुवावेत.

पंचशीलाची सही साक्षीदार म्हणून घेतलेली नाही. ज्याला लाभ त्याची साक्ष चालत नाही, हे मी वाचून खात्री केली आहे. व्यंकटीला हत्यारे मिळतात, म्हणून त्याचीही घेतली नाही. तो रागावला आहे.

मुक्काम मुरुड, तारीख ११ एप्रिल १९८६.
सही: महादेवप्पा गुरलिंगप्पा हालकुडे
साक्षीदार: १. शेषेराव, शाळेतील शिपाई, सही. २. सुमनबाई, बालवाडी शिक्षिका, सही.

सही झाल्यावर सुमनबाई म्हणाल्या, रक्कम लिहा, नाहीतर उद्या मन्मथ म्हणेल कुणी काही देतच नव्हते. बरोबर आहे. म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर पुढील मजकूर वाढवून पुन्हा सह्या केल्या आहेत.

देवाने दया करून स्वप्नात जागा दाखवली, एवढे एकदा माईकवर बोलण्याबद्दल आप्पासाहेबांनी मला देऊ केलेली व मी नाकारलेली रक्कम रुपये एक लाख एक. लाख माझे. वरचा एक, ते म्हणाले, पोरीच्या नावाने.