आईची उत्तरं

मानेसर, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय विनया वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस. आईची तब्येत बरी आहे. किनवटला ऊन वाढलं असेल, इथे अजून स्वेटर लागतो. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. घरून फोन केला की आई दाराशी येऊन ऐकते. तिला वाटतं, मी तिची चुगली करतेय.

निदान झालं. अल्झायमर्स, मधला टप्पा. तिकडे तीन वर्षं "वय झालं" म्हणून टॉनिक देत होते, इथून जवळच दिल्लीला नेलं, तर दोन भेटींत कळलं. दादाला सांग, त्याची चूक नाही. तुमच्याकडे हे तपासणारं कुणी नव्हतंच.

तपासणी हिंदीत होती. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "आप सिर्फ अनुवाद कीजिए, मदद नहीं." मी तेच केलं.

महिना कोणता, असं विचारल्यावर आईने टेबलाखालून माझा हात दाबला. "सांग ना गं, क्षिप्रे."

"तूच सांग, आई."

"श्रावण असेल."

मी "सावन" म्हणून सांगितलं. शहर कोणतं? "नांदेड." तेही सांगितलं. शेजारी कोण बसलंय, यावर ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "विनया." तेही.

तिला हिंदी बोलता येत नाही, पण कळतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "परक्या बाईपुढे नाक कापलंस माझं. तू कुणाच्या बाजूची गं?"

तेव्हापासून डॉक्टरबाईंनी आठवणीसाठी दिलेली गोळी माझ्या हातची असली की ती थुंकून टाकते. दिवसा तिला सांभाळायला येणाऱ्या बाईंशी एक शब्द बोलत नाही. जेवणही अर्धंच. "विनया देईल तेव्हा घेईन", एवढंच.

डॉक्टर इथे आहेत, म्हणून तिला इथेच ठेवायचं मी ठरवलं होतं. ते जमत नाहीये. दादाला तिला न्यायला पाठव.

या गोळीने नाडी मंदावू शकते. रोज सकाळी मनगट धरून पूर्ण एक मिनिट मोज. पन्नासच्या खाली गेली किंवा चक्कर आली, तर गोळी देऊ नकोस, लगेच मला फोन कर. तिथे हे बघायला तुझ्याशिवाय कुणी नाही, हे माहीत असूनही तुझ्यावर टाकतेय.

दादा येईल त्या दिवशी मी कामावर असेन. सुट्टी मिळते, पण घेणार नाही. मी समोर नसले तर ती निमूट गाडीत बसेल.

तिला तुझ्या हाती सोपवून,
क्षिप्रा