उशांवरची बोलणी

मेहुणेबुवा यांस सप्रेम नमस्कार,

तुमची पाठ आता कशी आहे? (तुमच्या बहिणीला काळजी म्हणून विचारायचं आहे, मला वेगळ्या कारणासाठी. ते पुढे येईलच.) आम्ही ठीक आहोत, कारखाना ठीक नाही. तुम्ही ज्या मंत्र्यांच्या कचेरीत हेडक्लार्क आहात, त्यांनी सीमेवरचं फाटक बंद केल्यापासून लाकूड तिकडे आणि करवत इकडे अशी ताटातूट झाली आहे. असंच चाललं तर कारागिरांना घरी बसवावं लागेल, आणि त्यातल्या निम्म्यांना मीच हात धरून रंधा मारायला शिकवलं आहे.

म्हणून फाटकाबद्दलच्या वाटाघाटींसाठी खुर्च्या करायचं काम आमच्या सरकारने दिलं, तेव्हा उरलंसुरलं लाकूड मी हसत कापलं. अट एकच, दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांची उंची सारखी. तशी ठेवली. पण तुमचे मंत्री (देवाने अगदी सढळ हाताने घडवलेले) बसले ते गादीत असे रुतले की टेबलावर नुसता चष्मा दिसू लागला. एवढा थोरला देश आणि आमच्याकडे मान वर करून बघतोय! त्यांच्या अधिकाऱ्याने तातडीने उशी मागवली. ते पाहून आमच्या सचिवांनीही आमच्या मंत्र्यांखाली एक सारली. मग त्यांची दुसरी, आमची दुसरी. (वर्तमानपत्रवाले याला समतोल म्हणतात.) शेवटी दोघांचे पाय लोंबकळायला लागले आणि टेबल गुडघ्यांच्या खाली गेलं.

हे वरचं मला मागाहून कळलं, कारण मी त्या टेबलाखालीच होतो. डुगडुगणारा पाय घट्ट करायला शिरलो आणि वर बैठक सुरू झाली. दारात बंदूकवाला, बाहेर कसा येणार? पण राजकारण टेबलाखालून फार स्वच्छ ऐकू येतं. अधिकारी चहाला गेले तसे तुमचे मंत्री हळूच म्हणाले, "अहो, पायाला मुंग्या आल्यात. उतरा ना तुम्ही."

"आधी तुम्ही. तुमचा देश मोठा."

"म्हणूनच तर! मी आधी उतरलो तर घरी तोंड कुठे दाखवू?"

मला राहवेना. डोकं बाहेर काढून म्हटलं, "साहेब, मी तीन म्हणतो, दोघं एकदम उतरा."

दचकले, पण उतरले. मग कोपऱ्यातल्या माझ्या सुतारकामाच्या बाकड्यावर शेजारीशेजारी टेकले. बाकडं खरखरीत, टोचणारं, त्यामुळे चहा संपायच्या आत फाटक उघडायचं ठरलं.

घरच्या थोरांना वाकून नमस्कार, पोरांच्या पाठीवर एकेक थाप.

तुमचाच,
बहिणीचा नवरा

ता. क. फाटक माणसांना, औषधांना, फळांना उघडलं. लाकडाला नाही. कारण विचारलं तर म्हणे, सुरक्षा.

ता. क. २. तुमच्या साहेबांचा निरोप आला आहे, आठवण म्हणून तसंच बाकडं हवं. त्यांना सांगा, लाकूड सुटलं की लगेच करतो. त्यांच्यासमोर तुम्ही कायम वाकून उभे असता असं ऐकून आहे. पाठीचं विचारलं ते यासाठीच. एवढं एक वाक्य ताठ उभं राहून बोला.

ता. क. ३. एका बाकड्याला लाकूड किती लागतं असं विचारलंच, तर दहा ट्रक म्हणा. तुम्हाला सुतारकामातलं काही कळत नाही, ते या वेळी उपयोगी पडेल.