सड्यावरचं मशीन

वेळणेश्वरचा सडा,
१० फेब्रुवारी २०२५

ती. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या वाडीत रेंज नाही आणि मला रविवारशिवाय खाली उतरता येत नाही, म्हणून पाण्याच्या टँकरवाल्या गंगारामकडे हे पत्र देतोय. पाच वर्षं दुसऱ्यांच्या मशीनला ग्रीस लावलं, आता पोकलेनच्या खुर्चीत मी बसतो. साहेब महिनाभर काम बघून मग कायम करणार आहेत. तेवढा महिना नीट जाऊ दे.

इथे वर, कातळाच्या उघड्या माळावर, दुपारी सगळं झोपेत बघितल्यासारखं दिसतं. पिवळं गवत हलत असतं, त्याच्या पलीकडे समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नाही. केबिनमध्ये वाटतं, आपण रस्त्यासाठी कातळ फोडतच नाही, होडीत बसून कुठेतरी चाललोय. खाली तुझी काजूची झाडं दिसतात, अंगणात फिरणारी तूसुद्धा दिसतेस.

रविवारी तू आगीचं विचारत होतीस. बकेटचे दात कातळावर घासले की ठिणगी उडते हे खरं. म्हणून आधी गवत कापून पाणी मारतो. सकाळी आणि जेवायच्या सुट्टीत मशीनच्या पोटात अडकलेलं गवत हाताने काढतो, सांडलेलं डिझेल पुसतो, आणि आग विझवायचा सिलिंडर खुर्चीमागेच ठेवतो. तू मात्र भाकरी घेऊन मशीनच्या मागे येऊन उभी राहू नकोस. ते गर्रकन वळतं आणि मागचं मला दिसत नाही. लांबून हात कर, मी बकेट खाली टेकवून उतरेन.

माया आहेच, ती अशीच राहो.
तुझा रितेश

वेळणेश्वर,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. रितेश यास अनेक उ. आ.

पत्र पोचलं. भाकरी आणणाऱ्या बाईला नियम शिकवणारा भाचा माझ्याच नशिबी यायचा होता. मी लांब उभी राहीन, मग गार झालेली भाकरी मुकाट खायची.

वाचून जिवाला बरं वाटलं. ही ऐंशी झाडं आमच्या ह्यांनी कातळात सुरुंग लावून, डोक्यावरून माती वाहून जगवली. दरवर्षी कुणाच्या तरी विडीने सडा पेटतो आणि माझी झोप उडते. काल पडवीत डोळा लागला तर स्वप्नात तुझं मशीन समुद्रात उभं, लाटा पार पोटापर्यंत, आणि तू आपला निवांत बसलेला. जागी झाले तरी बराच वेळ हसू येत होतं.

पुढच्या मंगळवारी तरव्याची भाजावळ उरकून घेते, भाताच्या रोपांची जागा भाजायला हवी. शेण, तोडलेला टाळ, सुका पातेरा पसरून झालाय. पहाटे दव असताना पेटवायचं, चाळीस वर्षं केलंय, त्यात मला अक्कल शिकवू नकोस. कायम झालास की आधी इथे जेवायला ये.

आत्येला विसरू नकोस.
तुझी सावित्री आत्या

देवरुख,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी निघताना धावपळीत तुला न भेटताच घरी आलो, रागावू नकोस. दुपारी वारा सुटला आणि गवत पेटलं. मी बकेट टेकवली, मशीन बंद केलं आणि कामावरच्या चौघांना मोकळ्या कातळावर नेलं. सिलिंडर मारून बघितला, पण तोवर तेलाचे पाइप फुटले. मुकादम मशीन बाहेर काढ म्हणून ओरडत होता, मी गेलो नाही आणि कुणाला जाऊ दिलं नाही. मशीन जळताना गवतावरून ज्वाळा अगदी सावकाश चालत गेल्या. अजून डोळे मिटले की त्याच चालत येतात.

साहेबांना सांगितलं, माझ्याकडूनच मशीनच्या पोटातलं गवत काढायचं राहिलं होतं. त्यांनी मला कामावरून उतरवलं. ठीक आहे, दुसरं काम बघेन. तुझ्या काजूंना झळ लागली नाही, एवढं पुरे. तू याचा विचार करत बसू नकोस.

लोभ कमी करू नये.
तुझा रितेश

वेळणेश्वर,
५ मार्च २०२५

चि. रितेश यास अनेक उ. आ.

गवत काढायचं तुझ्याकडून राहिलं नव्हतं. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तू मशीनखाली आडवा होऊन ते काढत होतास, तुझ्या जेवणाचा डबा घेऊन मीच लांब उभी होते. आग माझी होती. भाजावळ पहाटे पेटवली, वरून राख दिसली म्हणून विझली असं धरलं. पाण्याची एक कळशी ओतली नाही. आतलं शेण धुमसत होतं. डबा देऊन येऊन पडवीत आडवी झाले, आणि दुपारच्या वाऱ्याने त्यातले निखारे वर सड्यावर नेले. झाडं खालच्या अंगाला, म्हणून वाचली.

तुला खुर्चीतून माझं अंगण दिसतं, म्हणजे धूर कुठून निघाला तेही दिसलं असणार. तरी तू स्वतःवर घेतलंस. वाचून मी खूप रडले, आणि तुझा रागही आला. पाच वर्षं पोटाला चिमटा काढून मिळवलेलं काम तू माझ्या चुकीखाली गाडलंस.

काल सडा चढून गेले आणि साहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं. ते म्हणाले, तक्रार द्यावी लागेल, तुमच्यावर येईल. मी म्हटलं, द्या. मग त्यांनी खाली मान घालून सांगितलं, दुसरं मशीन सोमवारी येतंय, त्यावर रितेशच बसेल, कारण त्याच्यामुळे चार माणसं जिवंत आहेत.

पुढच्या गुरुवारी मला गुहागरच्या पोलिसांनी बोलावलंय. एकटीने जायची भीती वाटते, खोटं कशाला सांगू. तू सोबत ये, शेजारी बस. पण माझ्या वतीने एक शब्द बोलू नकोस.

होती ती माया तशीच ठेव.
तुझी सावित्री आत्या